केंद्र, राज्य आणि तिसरा स्तर : ‘देऊ शकेल’ या शब्दांची पार्श्वभूमी

केंद्र आणि राज्ये यांच्या सहकार्याची चौकट मूळ संविधानातच होती. तिसरा स्तर, म्हणजे स्थानिक स्वराज्य, मात्र राज्यसूचीतील (राज्यांच्या अधिकारातील विषयांच्या यादीतील) पाचव्या नोंदीपुरते आणि ग्रामपंचायतींविषयीच्या अनुच्छेद ४० पुरते उरले. १९८९ मध्ये पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान देणारी विधेयके राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडली. राज्यांना वगळून केंद्र थेट गावाशी संधान बांधत आहे, असा तेव्हाचा आक्षेप होता.

१९९२ मध्ये मंजूर झालेल्या आणि १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा आणि स्थानिक संस्थांना निधी कसा द्यावा हे सुचवणारा राज्य वित्त आयोग या गोष्टी राज्यांवर बंधनकारक केल्या. अधिकारांच्या बाबतीत मात्र पंचायतींसाठीचा अनुच्छेद २४३-जी आणि नगरपालिकांसाठीचा २४३-डब्ल्यू यांची भाषा बदलते : राज्य विधानमंडळ ते कायद्याने ‘देऊ शकेल’. त्यामुळे पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ आणि नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषय हक्क न ठरता राज्याच्या इच्छेवर सोपवलेली यादी ठरले. विषय राज्यसूचीतला असल्याने संसदेने त्याहून पुढे जाणे गैर ठरले असते, हे समर्थन पुरेसे वाटत नाही, कारण त्याच दुरुस्त्यांनी निवडणुकांबाबत राज्यांचे हात बांधलेच होते. पिण्याचे पाणी अकराव्या अनुसूचीत आहे. तरीही नळयोजनेचा निधी आणि तांत्रिक मंजुरी वरून येते, आणि पंप बंद पडला की दुरुस्तीचा खर्च व थकलेली पाणीपट्टी यांचा जाब ग्रामपंचायतीला द्यावा लागतो.

‘स्वराज्य’ आणि ‘स्वशासन’ या शब्दांचा घोळही इथलाच आहे. संविधान पंचायतीला स्वशासनाची संस्था म्हणते, पण व्यवहारात ती वरच्या योजना राबवणारी यंत्रणा समजली जाते.

वस्तू व सेवा कर आणणाऱ्या १०१ व्या घटनादुरुस्तीने हे अंतर वाढवले. स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली गेली आणि १ जुलै २०१७ पासून मुंबईची जकात संपली. नाक्यावर रोज जमा होणाऱ्या पैशाच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. वस्तू व सेवा कराचे दर ठरवणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश, राज्यांचे मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते; महापालिकांना तिथे आसनच नाही. या परिषदेच्या शिफारशी संसदेवर वा विधानमंडळांवर बंधनकारक नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निर्णयाने राज्यांना बळ मिळाले, पण जकात गमावलेल्या शहरांच्या स्थितीत त्याने काहीही बदलले नाही.