गणपतीला आलं की आधी कार्ब्युरेटर खोला

गणपतीच्या चार दिवस आधी कोकणातल्या कुठल्याही लहान गॅरेजपुढे उभं राहून बघा. चाकरमान्यांनी शिमगा उरकून जाताना पडवीत, मांगरात, गोणपाटाखाली ठेवलेल्या गाड्या ढकलत आणलेल्या असतात. किक मारून मारून मालक घामाघूम. मेस्त्री मात्र प्लगकडे बघतही नाही. तो इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणाऱ्या कार्ब्युरेटरखालचं फ्लोटचं भांडं सोडवतो आणि आतला पिवळा-तपकिरी चिकटा बोटावर घेऊन दाखवतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी ते पेट्रोल होतं. त्यातले हलके घटक उडून गेले, जड उरले ते हवेशी मिसळून डिंकासारखे झाले आणि पायलट जेटच्या, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, छिद्रात बसले. ते छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. वायरीतली तांब्याची एक तार घेऊन ते मोकळं करायचं ही आपल्याकडची जुनी रीत. ती वाईटच, कारण छिद्र घासून मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पिते. हवेच्या झोताने साफ करणारा मेस्त्री भेटला तर त्याला सोडू नका.

अलीकडे त्याच रांगेत अशाही गाड्या दिसतात ज्यांना हे भांडंच नाही, कारण त्या कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवर चालतात. पेट्रोलचा कॉक नाही, चोक नाही, रिझर्व्ह नाही, बऱ्याच जणींना किकही नाही. हे बदललं कसं, ते सांगायला बरंच मागे जावं लागतं.

कार्ब्युरेटर म्हणजे मुळात मधे अरुंद होणारी नळी. इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि खालच्या भांड्यातलं पेट्रोल आपसूक वर खेचलं जातं. अरुंद जागी दाब उतरतो याचा अभ्यास जोव्हान्नी बात्तिस्ता वेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा मोटारसायकल कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १८८५ मध्ये जर्मनीत गॉटलिब दाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोल इंजिन बसवून पहिली दुचाकी चालवली. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर १८९३ मध्ये आला. मायबाखने तो जर्मनीत केला आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही. बांकीला तो फुलवालीच्या फवाऱ्यावरून सुचला अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, ऐकायला छान वाटते. पुढची शंभर वर्षं या रचनेत सुधारणा झाल्या, पण तत्त्व तेच राहिलं: मोजमाप करणारं कुणी नाही, हवा ओढली की पेट्रोल येतं.

आपल्याकडे ही रचना कळली हातांना. जुन्या बुलेटच्या अमल कार्ब्युरेटरला टिकलर नावाचं बटण असायचं. पेट्रोल बाहेर पाझरेपर्यंत ते दाबायचं आणि मग किक. येझदी, आरएक्स-१००, चेतक, प्रत्येकीची खोड वेगळी. बंदरावरून मासळीचा क्रेट बांधून पहाटे निघणारी एम-८० तर चोक किती ओढायचा आणि कुठल्या वळणावर सोडायचा हे मालकाशिवाय कुणाला जमूच द्यायची नाही. पावसाळ्यात भांड्यात पाणी शिरायचं. पाणी जड, ते तळाला बसतं आणि जेटचं तोंडही तळाशीच. गाडी वाटेत भुकभुक करत बंद पडली की भांड्याखालचा स्क्रू सैल करायचा, चमचाभर पाणी जाऊ द्यायचं आणि पुढे निघायचं. छत्री धरायला एक माणूस मिळाला म्हणजे झालं.

घाटात कार्ब्युरेटरचा दुसरा दोष दिसतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलं की चाळीसेक किलोमीटरात तुम्ही १,३७२ मीटरवर पोचता. तिथली हवा कोकणपट्टीतल्या हवेपेक्षा साधारण बारा-तेरा टक्क्यांनी विरळ. जेटचं छिद्र मात्र तेवढंच, म्हणून हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो, गाडी जड वाटते. इंजेक्शनची गाडी हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करते. मात्र इथे एक गैरसमज आहे. वर गेल्यावर ताकद कमी होते ती मुख्यतः हवाच कमी मिळते म्हणून, आणि ती इंजेक्शनही परत आणून देत नाही. फक्त पेट्रोल वाया जात नाही आणि काजळी धरत नाही.

इंजेक्शनमध्ये टाकीतला विजेचा पंप पेट्रोल ठरावीक दाबाने, बहुधा अडीच-तीन बारने, इंजेक्टरपर्यंत आणतो. इंजेक्टरची झडप किती मिलिसेकंद उघडी ठेवायची ते ईसीयू नावाची डबी ठरवते. थ्रॉटल किती उघडलं, हवेचा दाब किती, इंजिन किती तापलं, क्रँक कुठे आहे, धुराच्या नळीत ऑक्सिजन किती उरला, हे सगळं तिला सेन्सर सांगतात. मेस्त्री कानाने करायचा तेच काम, पण दर फेऱ्याला.

मोटारींसाठी बॉश या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये फोक्सवॅगनवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं. कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कडक नियमांना तो तोडगा होता. दुचाकीत १९८० ची कावासाकी झेड-१००० आणि १९८२ ची होंडा सीएक्स-५०० टर्बो ही सुरुवातीची नावं. भारतात २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर एफआय काढली. गाडी चांगली होती, पण कार्ब्युरेटरवाली ग्लॅमर स्वस्त पडत असताना लोक जास्त पैसे कशाला मोजतील? २००७ मध्ये बजाजने पल्सर २२० डीटीएस-एफआय आणली आणि २००९ मध्ये त्याच गाडीला परत कार्ब्युरेटर बसवला. त्या आवृत्तीची किंमत उतरली, खप वाढला. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. गिऱ्हाइकाला विचारून हा बदल झालेला नाही. गिऱ्हाइकाने कौल दिला होता, तो कार्ब्युरेटरला.

बदल घडवला कायद्याने. भारतात वाहनांच्या धुरावर पहिली बंधनं १९९१ मध्ये आली. मग २०००, २००५, २०१०, २०१७ अशी दुचाकींची गळचेपी होत गेली आणि त्यात टू-स्ट्रोक संपली. पुढे बीएस म्हणजे भारत स्टेज या धुराच्या नियमांतला बीएस-५ टाळून बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारायचं केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलं आणि ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावलं. नव्या नियमात दुचाकीला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मुभा उरली फक्त ६० मिलिग्रॅम. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळवणारी जाळी, हे जमवतो, पण वजनाने एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आसपास मिश्रण राहिलं तरच. चढ-उतार, थंडी-ऊन, रिकामी गाडी-डबल सीट अशा सगळ्या हालतीत ते प्रमाण राखणं साध्या कार्ब्युरेटरला झेपत नाही. बजाजने प्लॅटिनात इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर वापरून तेही करून दाखवलं, पण बाकीचे बहुतेक इंजेक्शनकडे वळले. अगदी टीव्हीएसच्या एक्सएल-१०० लासुद्धा, जिच्यावर आज मासळीचे क्रेट दिसतात, इंजेक्टर आला.

नियम लागू झाला तो १ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊन लागून जेमतेम आठवडा झाला होता. नव्या गाड्या गावात पोचल्या आणि आमच्याकडचा आजार बदलला. इंजेक्शनच्या बंदिस्त नळीत पेट्रोल सहसा तसं चिकटत नाही. पण बॅटरी उतरते. पंप, ईसीयू, इंजेक्टर सगळं तिच्यावर, आणि ती साफ बसली तर ढकलूनही बऱ्याच गाड्या उठत नाहीत. त्यात खारी हवा कनेक्टर हिरवे करते, आणि पडवीतल्या उंदरांना वायरिंगची चव लागलेली असते. कार्ब्युरेटर बिघडला तरी कण्हत-कुंथत घरापर्यंत न्यायचा. इंजेक्शनचं तसं नाही, चालते तेव्हा घड्याळासारखी आणि थांबते ती जागीच.

माझी गाडी अशीच हातखंब्याच्या पुढे भर पावसात थांबली. टेम्पोत घालून शोरूमच्या वर्कशॉपला नेली, तर थ्रॉटल बॉडी बदला म्हणाले आणि आकडा असा सांगितला की मी गाडी उचलून परत आणली. गावातल्या पोराने मीटरवरचा बिघाड सांगणारा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं, मोबाइलवर कोड बघितला, तासभर वायरी चाचपल्या आणि सीटखालचा अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासला. गाडी सुरू. शोरूमवाले सगळे तसेच असतात असं नाही, पण तेव्हापासून मी आधी दिवा मोजतो.

इथेनॉलमुळे जुन्या गाड्यांवर आता नवं संकट आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात ओलीला तोटा नाही. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. जुने रबरी वॉशर फुगतात, कडक होतात. शिवाय इथेनॉलमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच छिद्रातून गेलेलं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखून पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला कळायला मार्गच नाही, तिथे जेट बदलायला माणूस लागतो.

मुंबईला परत जाताना जुन्या गाडीचं अजूनही एकच करायचं: कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, भांड्यातलं पेट्रोल संपून ते आपोआप थांबेपर्यंत. नवीन गाडीची बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवायची. आमच्या पडवीत दोन्ही उभ्या आहेत, आणि दर वेळी एस.टी. चुकेल म्हणून घाई करताना यातली एक गोष्ट राहतेच.