पाठीचा कणा व सैन्यभरतीतील वैद्यकीय पात्रता : ग्वाल्हेर परिसर

भूदल, नौदल किंवा वायुदलात दाखल होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या मणक्यांची रचना, हालचाल आणि भार पेलण्याची क्षमता पाहणारी तपासणी व तिचे निकष. आज पाठ दुखते की नाही, एवढ्यावर ही तपासणी थांबत नाही. पाठीवर बोजा घेऊन पुढची अनेक वर्षे ही पाठ टिकेल का, याचा अंदाज तिला बांधायचा असतो. ठणठणीत दिसणारा मुलगा ‘अनफिट’ ठरतो तेव्हा घरच्यांना धक्का बसतो, तो यामुळेच.

ग्वाल्हेर परिसरात हा विषय घरोघरी माहीत आहे. येथील भरती कार्यालयाच्या कक्षेत मुरैना, भिंड, दतिया, शिवपुरी हे जिल्हे येतात आणि सैन्यात जाण्याची परंपरा तेथे जुनी आहे. मराठी कुटुंबांची वस्ती प्रामुख्याने शहराच्या ‘लष्कर’ नावाच्या भागात आहे. दौलतराव शिंदे यांचा तळ १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावला, त्यातून हा भाग वाढला. शिंद्यांच्या पलटणींत शिपाई घेताना बहुधा अंगकाठी आणि चाल यांवरच निवाडा होत असावा. ब्रिटिश काळात उंची, वजन व छाती यांची मोजमापे रूढ झाली. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. हिंदुस्थानात त्यांचा लष्करी वापर वायव्य सरहद्दीवरील १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी केला, पण तो जखमींच्या अंगातल्या गोळ्या आणि मोडलेली हाडे पाहण्यासाठी. भरतीत मणक्याचे चित्र काढून पाहण्याची पद्धत त्यानंतर बऱ्याच काळाने आली.

प्रत्यक्ष तपासणीत उमेदवाराला कमरेपर्यंत उघडे उभे करतात. डॉक्टर मागून दोन्ही खांदे, पाठीच्या फऱ्यांची टोके आणि कमरेच्या बाजूंचे खळगे एका पातळीत आहेत का ते पाहतात. मग पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळहात जोडून पुढे वाकायला सांगतात. त्या वेळी डॉक्टर आपली नजर पाठीच्या पातळीवर आणतात. एका बाजूच्या बरगड्या उंचावलेल्या दिसल्या, तर मणका केवळ बाजूला झुकलेला नसून पिळलेला आहे, असे समजतात. ही चाचणी इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाते (१८६५). उभे असताना दिसणारा बाक पूर्ण वाकल्यावर नाहीसा झाला, तर तो बहुधा उभे राहण्याच्या सवयीचा असतो. वाकल्यावरही कायम राहिला, तर उमेदवार अपात्र ठरू शकतो. बाकाचा कोन जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या रीतीने क्ष-किरणचित्रावर मोजतात. वायुदलात १५ अंशांपेक्षा अधिक कोन चालत नाही. ठळक कुबड, हालचालीत अडखळ, मणक्यावर दाबल्यास दुखणे, वारंवार उद्भवणारी कंबरदुखी, मणक्याचे जुने फ्रॅक्चर, सरकलेली गादी आणि तिच्यासाठी झालेली शस्त्रक्रिया हीही अपात्रतेची कारणे आहेत. जुने ऑपरेशन लपवून आत जाण्याचा सल्ला काही जण देतात. तो अत्यंत घातक आहे, कारण प्रशिक्षणाचा भार त्याच जागी येतो.

सर्वाधिक वाद आहे तो कमरेच्या पाचव्या मणक्याविषयी. कमरेत सामान्यतः ५ सुटे मणके असतात आणि त्यांखाली ५ मणके एकमेकांत जुळून बनलेले त्रिकास्थी. काही व्यक्तींत पाचवा मणका जन्मतःच त्रिकास्थीला जोडलेला असतो, तर काहींत त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहतो. पहिल्या प्रकाराला सॅक्रलायझेशन, दुसऱ्याला लंबरायझेशन म्हणतात. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत सुमारे ४ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत सांगितलेले आढळते. हा फरक काही अंशी व्याख्येतील भेदामुळे पडला असावा. इटालियन डॉक्टर मारिओ बर्टोलोटी यांनी १९१७ मध्ये या रचनेचा संबंध कंबरदुखीशी जोडला. पुढे, विशेषतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, काही संशोधकांना असा संबंध आढळला नाही. कास्तेल्वी व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलेले वर्गीकरण आज प्रमाण मानले जाते. आडवा प्रवर्ध (मणक्याच्या बाजूला निघालेला हाडाचा फाटा) नुसता रुंदावलेला (प्रकार १), त्रिकास्थीशी खोटा सांधा झालेला (२), हाडाने पूर्ण जुळलेला (३) आणि एका बाजूस सांधा, दुसऱ्या बाजूस जुळणी (४) असे चार प्रकार त्यांनी केले. १, २ व ३ मध्ये एका बाजूचा ‘अ’ आणि दोन्ही बाजूंचा ‘ब’ असा भेद आहे. भरतीच्या निकषांत २ अ, २ ब, ३ अ व ४ अपात्र आहेत, तर दोन्ही बाजूंनी पूर्ण जुळलेला (३ ब) ग्राह्य आहे. वरवर पाहता हे उलटे वाटते, कारण अर्धवट जोड नाकारला जातो आणि पूर्ण जोड चालतो. पूर्ण जुळणीत हालचालच उरत नाही. एकाच बाजूस जोड असेल तर मात्र कंबर वळताना भार असमान पडतो आणि लगतच्या वरच्या गादीची झीज लवकर होते. ही कारणमीमांसा प्रस्तुत नोंदीस पटण्याजोगी वाटते. तरीही चार वर्षे पहाटे उठून धावलेल्या आणि कधीच पाठ न दुखलेल्या मुलाला केवळ एका चित्रावरून परत जावे लागते, हे क्लेशदायक आहे. तयारीच्या सुरुवातीसच अस्थिरोगतज्ज्ञाकडून कण्याची तपासणी करून घेतली, तर ही वेळ पुष्कळदा टळू शकते.

वायुदलाच्या उड्डाण शाखेत निकष अधिक कडक आहेत. मान, पाठ व कंबर या तिन्ही भागांची क्ष-किरणचित्रे घेतली जातात आणि एकाहून अधिक पातळ्यांवर श्मोर्ल गाठी (गादीचा भाग मणक्याच्या हाडात शिरून पडलेले खळगे) आढळल्यास उमेदवार बाद होतो. शहरालगतच्या महाराजपूर तळावर मिराज-२००० ही लढाऊ विमाने आहेत, त्यामुळे यामागचे कारण ग्वाल्हेरकरांना सहज समजावे. विमानातून आसनासह बाहेर फेकले जाताना वैमानिकाच्या कण्यावर क्षणभर गुरुत्वबलाच्या सुमारे १२ ते २० पट जोर येतो आणि पाठ व कंबर जिथे मिळतात तेथील मणके चेपण्याचा धोका असतो. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी शिवपुरी जिल्ह्यात मिराज कोसळले, तेव्हा दोन्ही वैमानिक असेच बाहेर पडून वाचले.

अधिकारीपदाच्या उमेदवारास विशेष वैद्यकीय मंडळाने नाकारले, तर त्याला अपील मंडळाकडे दाद मागता येते. त्यापुढील पुनर्विलोकन मंडळ मिळणे हे वरिष्ठांच्या निर्णयावर अवलंबून असते. जवानांच्या भरतीत शंकास्पद उमेदवारास लष्करी रुग्णालयातील तज्ज्ञाकडे ‘रेफर’ करतात.

मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यखेळ म्हणून स्वीकारलेल्या मल्लखांबाचा येथे उल्लेख आवश्यक आहे. कंबर वारंवार मागे वाकवणाऱ्या जिम्नॅस्ट व वेगवान गोलंदाजांत मणक्याच्या कमानीला तडा जाण्याचे (स्पाँडिलोलिसिस) प्रमाण अधिक असते, आणि हा दोष भरतीत अपात्र ठरवणारा आहे. मल्लखांबातही कमान घेताना कमरेवर याच प्रकारचा ताण येतो. वाढत्या वयातील खेळाडूने मागे वाकताना होणारी कंबरदुखी अंगावर काढू नये.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये बाहेर पडली. त्यामुळे मुलींच्या कण्याकडेही तयारीच्या वेळी लक्ष द्यावे लागते, कारण किशोरवयात वाढत जाणारा, उपचार लागण्याइतका मोठा कण्याचा बाक मुलींत मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो आणि तो साधारण १० ते १५ या वयात झपाट्याने वाढतो.