अखाजीचा झोका आणि मागचा शॉकअप

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे कडुनिंबाला झोके बांधतात. एकदा जोरात ढकलला की झोका कितीतरी वेळ आपल्याच तालात येत-जात राहतो. थांबवायचा असेल तर पोरी पाय खाली सोडतात, टाचा मातीत घासतात, धूळ उडते आणि झोका मंदावतो. मोटारसायकलचा मागचा शॉकअप असाच चालतो. बाहेरची स्प्रिंग हा झोका, तिच्या पोटातली तेलाची नळी या टाचा. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून परत करते. तेल त्या धक्क्याची उष्णता करून टाकतं. दोघांची कामं वेगळी आहेत. ती एकच समजली की पैसे वाया जातात. माझे गेले.

माझी गाडी जुनी, 411 सीसीची हिमालयन. बायको मागे, दोन्ही बाजूंना बॅगा, जळगावहून शहाद्यामार्गे तोरणमाळ, असा बेत होता. कंपनीचा शॉकअप थकला होता म्हणून बाहेरचा महागातला मागवला. विकणाऱ्याने गाडी कोणती ते विचारलं, रंग कोणता ते विचारलं. आमचं वजन विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. घाटात गाडीचं बूड टेकायला लागलं, म्हणजे शॉकअप पार शेवटपर्यंत दबायला लागला. वाटेतल्या मिस्त्रीने हुक पाना काढला आणि म्हणाला, "कडक करी टाकू का, भाऊ?" त्याने स्प्रिंगला वरून दाबून धरणारी रिंग तीन आटे आवळली. गाडी मागून उंच झाली, मला बरं वाटलं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा ठाप.

रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. रॉबर्ट हूकने 1678 साली छापलेला नियम सांगतो की स्प्रिंग जितकी दाबाल तितका तिचा जोर वाढतो, आणि दर मिलीमीटरला किती वाढतो हे तिची तार, वेढ्यांची संख्या आणि घेर ठरवतात. समजा, एक मिलीमीटर दाबायला 90 न्यूटन लागतात. रिंग 10 मिलीमीटर खाली आणली तर स्प्रिंग 900 न्यूटन जोर आधीच धरून बसते. म्हणजे ती हलायला सुरुवात उशिरा करते. एकदा हलली की पुढच्या प्रत्येक मिलीमीटरला तेच 90. रिंगेचं काम गाडीची उंची जागेवर आणणं, एवढंच.

आता चाकाकडचा हिशेब. मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागे एकच शॉकअप असतो तिथे, शॉकअप थोडा दबतो तेव्हा चाक बरंच वर येतं. हे प्रमाण तीनास एक धरू. चाक तीन मिलीमीटर हललं की शॉकअप एक, आणि चाकावरचा जोर शॉकअपला तिपटीने पोचतो. म्हणून 90 ची स्प्रिंग चाकापाशी नवाने (तीन त्रिक नऊ) भागून मिलीमीटरला फक्त 10 न्यूटन उरते. बायको आणि बॅगा मिळून 80 किलो, त्यातले 70 मागच्या चाकावर, म्हणजे सुमारे 700 न्यूटन. गाडी 70 मिलीमीटर आणखी खाली बसली. या गाडीच्या मागच्या चाकाला हालचाल आहे 180 मिलीमीटरची. मी एकटा बसलो की 50 आधीच गेलेले असतात. खड्ड्यासाठी उरले 60. हे 70 मिलीमीटर रिंगेने भरून काढायचे तर ती 23 मिलीमीटर आवळावी लागेल. बऱ्याच शॉकअपवर तेवढे आटेच नसतात.

म्हणून ब्रँड, रंग, किंमत यांच्या आधी स्प्रिंगचा आकडा. तो बरोबर आहे का, हे अंगणात शिवणकामाच्या टेपने कळतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक लोंबकळू द्या, आणि चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, हेल्मेट-बॅगांसकट दोघं बसा आणि पुन्हा मोजा. (मोजायला तिसरं माणूस लागतं. आमच्याकडे शेजारच्या काकू होत्या, त्यांना हा सगळा प्रकार वेडेपणाचा वाटला.) दोन्हीतला फरक एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के हवा, म्हणजे 180 ला 54 मिलीमीटर. रिंग फिरवून तो आणा. मग दोघं उतरा आणि रिकामी गाडी किती बसते ते बघा. ती जराही बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे आणि रिंग तिला ओढूनताणून उभी धरतेय. उलट रिकामी गाडीच खूप बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. हे ऐकायला उलटं वाटतं. मलाही कागदावर दोनदा मांडल्यावरच पटलं.

आता तेल. आमच्या काळ्या मातीवरचे रस्ते खड्ड्यांइतकेच लाटांनी छळतात. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर उठतं-बसतं. समजा, दोन उंचवट्यांत 10 मीटर अंतर आहे. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणून गाडीला सेकंदाला दोन हिसके बसतात. समजा, भरलेल्या गाडीचा मागचा भागही स्वतःहून साधारण त्याच तालात डोलतो. योग्य वेळी ढकललेला झोका कसा चढत जातो, तसंच इथे होतं. पन्नासला गाडी ठीक, नव्वदला ठीक, आणि सत्तरला होडीसारखी पोहते. त्यावर उपाय टाचांचाच, म्हणजे परतीच्या हालचालीला तेलाचा अडसर. याला रिबाउंड डॅम्पिंग म्हणतात. ते कमी पडलं की मागे बसलेलं माणूस उडतं. फार झालं की चाक एका खड्ड्यातून खाली यायच्या आत दुसरा येतो, गाडी खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि चालवणारा म्हणतो, शॉकअप दगडासारखा झाला. मग मिस्त्री तो आणखी आवळतो.

टाचा घासल्या की तापतात, तेलही तापतं. मे महिन्यात भुसावळला पारा कधी कधी 45 च्या वर जातो, रस्ता त्याहून तापलेला, आणि शॉकअप इंजिनाच्या मागे कोंडलेला. तापलेलं तेल पातळ होतं आणि पिस्टनच्या छिद्रांतून सहज निसटतं. त्यातच पिस्टन वेगाने धावला की त्याच्या मागे दाब एकदम पडतो, बुडबुडे सुटतात, तेलाचा फेस होतो. फेस लगेच दबतो, अडवत काहीच नाही. बॉर्सिए द कार्बोन या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर तोड काढली ती एकाच नळीत तेलामागे दाबाखालचा वायू ठेवून. मोटारसायकलच्या चांगल्या शॉकअपमध्ये आज मध्ये एक तरंगता पिस्टन असतो, पलीकडे साधारण 10 ते 20 बार दाबाने नायट्रोजन. तो तेलाला सतत दाबून ठेवतो, म्हणून बुडबुड्यांना जागा मिळत नाही. नायट्रोजनच का? तो कोरडा असतो, त्यात हवेसारखी वाफ नसते, आणि तेलाशी त्याची कुरबुर होत नाही. हा दाब असलेला शॉकअप रस्त्याकडेच्या गॅरेजात उघडू देऊ नका, इजा होते.

बाजूला लटकणारा जादा डबा घ्यावा का? त्यात तेल जास्त मावतं, त्यामुळे ते उशिरा तापतं. धडगावकडच्या फुटक्या रस्त्यांवर तासन्‌तास जाणाऱ्याने जरूर घ्यावा. धुळे-सुरत हायवेने जाणाऱ्यासाठी तो बहुतेक दागिनाच. तोच पैसा मी हाताने फिरवायच्या प्रीलोडच्या गुंडीवर घालेन, म्हणजे रिंगेचंच काम करणाऱ्या गुंडीवर. आठवडाभर एकटा आणि शनिवारी जोडीने जाणाऱ्याला पाना न शोधता उंची जागेवर आणता येते. लांबी मात्र मूळचीच ठेवा. शॉकअप 10 मिलीमीटर लांब घेतला की चाकापाशी त्याचे 30 होतात, पुढचा फोर्क उभट होतो आणि वेगात हँडल चंचल वाटायला लागतं. आणि सील गेलं तर उघडून दुरुस्त करणारा कोण, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

मी शेवटी तो नवा शॉकअप बदलला नाही, फक्त त्याची स्प्रिंग बदलली. या वेळी फोनवर दोघांचं वजन सांगायचं होतं. बायकोने तिचं सांगितलं, मी मनातल्या मनात चार किलो वाढवून कळवलं. टेपने मोजलं तेव्हा फरक आला 56 मिलीमीटर.