पुण्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

पुण्याच्या थंडीत गाडीचं इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरमधलं पाणी काही गोठत नाही. मग महागडं कूलंट कशाला, नळाचं पाणी ओता की! हा युक्तिवाद गॅरेजात हमखास ऐकू येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेतं; त्यात कूलंटमधला मुख्य घटक, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, निम्मं मिसळलं की हा आकडा साडेतीनच्या आसपास उतरतो. नुसती उष्णता वाहून न्यायची तर पाणीच सरस. घोटाळा होतो तो पाण्यासोबत आत जाणाऱ्या क्षारांमुळे.

उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात. बेसाल्ट खडकातून झिरपताना या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळतात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कार्बोनेट नेमकं सर्वांत तप्त भागावर बसतं. हा थर अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. रेडिएटरच्या नळ्या मुळात बारीक. गंज आणि क्षार मिळून त्या बुजत जातात. सपाट रस्त्यावर याचा पत्ता लागत नाही. मे महिन्यात, एसी लावून, भरल्या गाडीने कात्रजचा घाट चढताना इंजिनावर ताण पूर्ण असतो आणि समोरून वारा कमी. तापमानाचा काटा तेव्हाच लाल पट्ट्याकडे सरकतो.

कूलंटचं काम म्हणूनच दुहेरी आहे: त्यातली गंजरोधक रसायनं धातू जपतात आणि ग्लायकॉल उत्कलनबिंदू वर नेतं. समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवरच्या पुण्यात उघडं पाणी ९८ अंशांना उकळतं. झाकणाने दाब धरलेल्या यंत्रणेत मात्र निम्म्या-निम्म्या मिश्रणाला उकळायला सव्वाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नये ते यामुळेच: दाब सुटताच शंभरीपार गेलेल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते.

ही गंजरोधक रसायनं काळाबरोबर संपतात, त्यामुळे फ्लशिंग, म्हणजे जुना द्रव काढून यंत्रणा आतून धुणं. इंजिन पूर्ण गार झाल्यावर खालचा ड्रेन उघडून जुना द्रव काढायचा, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवायचं. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडचा प्रवाह अडवणारी झडप, साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. तोवर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही, म्हणून दोन मिनिटांत बंद केलेलं इंजिन म्हणजे वाया गेलेली मेहनत. पुन्हा गार होऊ द्यायचं, काढायचं आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. थर जाड असेल तर सौम्य आम्लाचा क्लीनर लागतो, पण तो पूर्ण धुऊन काढला नाही तर अॅल्युमिनियमच खातो. काही मिस्त्री गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. माझ्या मते हा शुद्ध अडाणीपणा: इंजिन मग थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

रेडिएटरची बाहेरची जाळीही विसरू नका. धूळ आणि किडे अडकून हवाच अडते. पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा. जोरदार जेटने जाळीतल्या पातळ पट्ट्या (फिन) वाकतात.

नवं कूलंट रंगावरून निवडू नका, रंग हा कुठलाही मानक नव्हे. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या. भरल्यावर आतली हवा काढा आणि पुढचे काही दिवस टाकीतली पातळी पाहा. जुना द्रव गटारात ओतू नका: इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, विषारी असतं आणि रस्त्यावरची कुत्री ते चाटतात.