हिवाळी रोपे व छाटकलमे (ठाणे–नवी मुंबई)

पावसाळा ओसरल्यावर बी पेरून किंवा फांदीचे तुकडे लावून घरबागेसाठी रोपे तयार करण्याची पद्धत. थंड देशांत बी भर हिवाळ्यात उघड्यावर ठेवतात, कारण तिथल्या बऱ्याच बियांची सुप्तावस्था गारठ्याशिवाय मोडत नाही. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर तसा गारठा पडत नाही. इथे हिवाळ्याचे खरे मोल आहे ते कोरड्या हवेत आणि सौम्य उन्हात. पावसाळी दमटपणात बुरशी लागून कोवळी रोपे बुडाशी कुजतात आणि कोलमडतात. ती धास्ती आता बरीच कमी होते.

झेंडू, पिटुनिया, फ्लॉक्स, डायँथस, नॅस्टर्शियम ही या हंगामाची फुलझाडे. पेरणी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात उरकावी. उशिरा पेरलेला पिटुनिया फुलावर येईपर्यंत ऊन तापू लागते आणि बहर आखूड होतो. झेंडूचे बी मातीच्या पातळ थराने झाकतात. पिटुनियाचे बी मात्र धुळीसारखे बारीक आणि उजेडात रुजणारे. ते ओल्या कोकोपिटावर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) नुसते भुरभुरवून फवाऱ्याने भिजवतात. झारीची धार पडली, की सगळे बी ट्रेच्या एका कडेला वाहून जाते.

इमारतीत राहणाऱ्यांनी आधी दिशा पाहावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतवर येते. उत्तरेच्या ग्रिलमध्ये ते पोहोचतच नाही. तिथे झेंडूचा हट्ट धरू नये, मनीप्लांट खुशाल लावावा.

जास्वंद, तगर यांच्या फांद्या पावसाळ्यातच झटपट मुळे धरतात. हिवाळ्यात लावायचा तो गुलाब. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेली, पेन्सिलएवढी जाड आणि तीन-चार डोळ्यांची (फुटवा येतो त्या कोंबांची) काडी घेऊन खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका देतात. हवा कोरडी असल्याने वर पारदर्शक पिशवी घालावी लागते. पालवी फुटली म्हणजे मुळे सुटली असे नव्हे. काडीतल्या साठ्यावरही पाने येतात, म्हणून काडी उपटून पाहू नये. देशी गुलाब काडीवर चांगला येतो, संकरित जातींसाठी खुंटावर, म्हणजे मुळे धरलेल्या दुसऱ्या गुलाबावर, डोळा भरणे बरे. शेवंतीच्या बहर संपल्यावर बुंध्याशी फुटणाऱ्या काश्या (कोवळे फुटवे) मुळांसकट वेगळ्या करतात आणि उन्हाळाभर सावलीत जपतात.