हाडांतली रम, दातांतलं शिसं

बार्बाडोस हे कॅरिबियन बेटांच्या पूर्व टोकाचं बेट. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही लहान. १६४० च्या दशकात इंग्रज मळेवाल्यांनी इथे उसाचं पीक रुजवलं आणि गुलामांचा व्यापार बंद होईपर्यंत आफ्रिकेतून धरून आणलेली सुमारे ४ लाख ९० हजार माणसं या बेटावर उतरवली. १८३४ साली गुलामगिरी रद्द झाली तेव्हा बेटावर गुलाम उरले होते साधारण ८३ हजार. काहींना इथून पुढे दुसऱ्या बेटांवर विकलं गेलं, हे धरूनही ही तूट भरून निघत नाही.

इतकी माणसं मेली, त्यामागे उसाचा स्वभावही आहे. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातल्या सुक्रोजचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं आणि साखरेचे खडे धरेनासे होतात. कारखान्याच्या दारात गाड्या तुंबल्या की उतारा पडतो, हे आपल्या ऊस उत्पादकाला सांगायला नको. बार्बाडोसच्या मळेवाल्याने यावर काढलेला उपाय म्हणजे माणसं रात्रंदिवस जुंपणं. हंगामात चरक थांबत नसे. ऊस सारणाऱ्या माणसाला डुलकी लागली की बोटं रुळांत जात आणि मागोमाग हात. तो जागीच तोडता यावा म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड ठेवायची पद्धत होती.

या बेटाच्या दक्षिण भागात न्यूटन नावाचा मळा होता. तिथल्या गुलामांच्या दफनभूमीत जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग या संशोधकांनी १९७० च्या दशकात उत्खनन केलं आणि शंभरएक माणसांचे अवशेष बाहेर आले. त्यांतला एक म्हातारा मला विसरता येत नाही. त्याच्या गळ्यात माळ होती. तिच्यात कुत्र्याचे भोक पाडलेले सुळे, काचेचे मणी, माशाचे मणके, सात कवड्या आणि अकीकाचा एक लांबट मणी. हा मणी बहुधा भारतातून, खंबायतकडून आलेला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. कवड्याही हिंदी महासागरातल्या. आपल्याकडे भवानीच्या भुत्याच्या माळेत असते तीच जात. मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेला जात आणि तिथे नाणं म्हणून चालत. त्या नाण्यात माणसंही विकत घेतली जात. हा माणूस आपल्या लोकांतला वैद्य किंवा देवऋषी असावा, असं हँडलर यांचं मत.

पण यांतलं कोण आफ्रिकेत जन्मलं आणि कोण बेटावर? इथे दात कामाला येतात. दातावरचं इनॅमल लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. त्या वयात खाल्लेल्या अन्नातलं, प्यालेल्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं बसतं. या मूलद्रव्याचे समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, कोणत्या प्रमाणात सापडतील, ते जमिनीवर ठरतं. फार जुन्या खडकांत रुबिडियमचा किरणोत्सारी क्षय होऊन स्ट्रॉन्शियम-८७ साचत गेलेलं असतं. पश्चिम आफ्रिकेत दोन अब्ज वर्षांहून जुने खडक पसरलेले आहेत. बार्बाडोसचा बहुतेक पृष्ठभाग मात्र प्रवाळाच्या चुनखडीचा. ती समुद्रात घडली, म्हणून तिच्यात स्ट्रॉन्शियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी प्रमाण समुद्राच्या पाण्याइतकंच, ०.७०९२ च्या आसपास. बेटावर वाढलेल्या पोराच्या दातात हाच आकडा उतरणार.

२००९ साली न्यूटनच्या २५ जणांवरचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक बेटावरच जन्मलेले निघाले. सात जणांचे आकडे मात्र बार्बाडोसशी जुळेनात आणि ते सातही एका ठिकाणचे नव्हते. काही गोल्ड कोस्टकडचे, म्हणजे आजच्या घानाकडचे, तर काही सेनेगाम्बियाकडचे, म्हणजे आजच्या सेनेगल-गाम्बियाकडचे असावेत. जहाजावर चढवताना त्यांच्या मुलखाची नोंद झाली असेल-नसेल, दाढेत ती होती.

हाडांनी दुसरीच गोष्ट सांगितली. १९८० च्या दशकात न्यूटनच्या सांगाड्यांतलं शिसं मोजलं गेलं तेव्हा सरासरी दशलक्ष भागांत ११७ च्या वर आली. शेतात राबणाऱ्या माणसाच्या हाडांत इतकं शिसं येतं कुठून? पहिला संशय गेला रमवर. साखर काढून उरलेल्या मळीची रम होई. ऊर्ध्वपातनाच्या भट्टीचं झाकण आणि वाफ थंड करणारी गुंडाळीची नळी बरेचदा शिशाची किंवा शिसं मिसळलेल्या धातूची असे. नळीतून उतरणाऱ्या आम्लधर्मी दारूत ते विरघळे आणि तीच रम गुलामांना शिध्यात मिळे. त्या काळच्या वैद्यकीय लिखाणात वेस्ट इंडीजमधल्या ‘कोरड्या पोटशुळा’चं वर्णन येतं. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ आणि पुढे हातापायांतली ताकद जाणं, ही सगळी शिशाच्या विषबाधेचीच लक्षणं. रोगाचं मूळ अगदी अज्ञात होतं असंही नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने भट्टीत शिशाच्या भागांवर १७२३ सालीच बंदी घातली होती. पण ती मॅसॅच्युसेट्सपुरती.

रमचा खुलासा पटण्यासारखा आहे, पण पुरेसा नाही. कारण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इनॅमलमधलं, म्हणजे बालपणीचं, शिसं तपासलं गेलं. आफ्रिकेत जन्मलेल्यांच्या दातांत ते अगदी किरकोळ होतं. बेटावर जन्मलेल्यांच्या दातांत पुष्कळ, इतकं की जन्मस्थान ओळखायला स्ट्रॉन्शियमच्या जोडीला शिसंही चालावं. ही मुलं काही रम पिऊन वाढली नसतील. तेव्हा संशय पसरतो तो शिशाची झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांवर, साखरेच्या कामातल्या शिशाच्या उपकरणांवर आणि आईच्या हाडांवर. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्यासोबत साठलेलं शिसंही रक्तात उतरतं.