प्रसूतीनंतरचा रक्तस्राव: ५०० मिलीच्या रेषेची पार्श्वभूमी

बाळंत झाल्यापासून २४ तासांत ५०० मिली किंवा त्याहून जास्त रक्त गेले की पीपीएच, म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, ही व्याख्या १९९० च्या एका आंतरराष्ट्रीय तांत्रिक अहवालाने पक्की केली आणि ती लेबर रूमच्या भिंतीवरच्या तक्त्यांपर्यंत पोचली. सिझेरियनसाठी १००० मिलीचा आकडा रूढ झाला. त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो: गर्भपिशवी आकसवणाऱ्या औषधांपैकी १९३५ मध्ये अर्गोमेट्रिन वेगळे काढले गेले, १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार झाले. १९८८ च्या ब्रिस्टलमधील चाचणीने वार पडण्याची वाट न पाहता असे इंजेक्शन देणे, नाळ लगेच चिमटणे आणि ती ओढून वार काढणे ही पद्धत शास्त्रीय पायावर आणली. पुढे त्या पद्धतीचे बाकीचे भाग एकेक करून सैल झाले. नाळ लगेच चिमटण्याऐवजी १ ते ३ मिनिटे थांबणे आले. २०१२ च्या मोठ्या चाचणीत नाळ ओढून वार काढल्याने फारसा फरक पडत नसल्याचे दिसले. १० युनिट ऑक्सिटोसिन मात्र टिकले.

खरा गुंता ५०० च्या आकड्यात आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसूती कोणत्याही मार्गाने होवो, १००० मिली ही रेषा धरली गेली; ब्रिटनने ५०० पासून 'मायनर' आणि १००० च्या पुढे 'मेजर' असे टप्पे ठेवले. म्हणजे ७०० मिली रक्त गेलेली बाई एका देशात रुग्ण ठरते, दुसऱ्या देशात ठरत नाही, आणि दोन्हींकडचे आकडे एका तक्त्यात मांडले तर तुलना फसवी होते. त्याहून गंभीर बाब शरीराची. नऊ महिने भरलेल्या बाईत किलोमागे ढोबळमानाने १०० मिली रक्त धरले, तर ६५ किलोच्या बाईत साडेसहा लिटर आणि ४० किलोच्या बाईत ४ लिटर होते. तेच ५०० मिली पहिलीसाठी तेरावा भाग, दुसरीसाठी आठवा. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या पट्ट्यात रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही आढळतात. तिथे ७ ग्रॅम हिमोग्लोबिनची बाई ३५० मिलीवरच गार पडू शकते. तिला 'व्याख्येत बसत नाही' म्हणून थांबवून ठेवणे ही या रेषेची सर्वांत मोठी चूक होती, आणि ती सुधारायला फार वर्षे लागली.

मोजणीही अंदाजानेच चालली होती. बेळगावातील एका अभ्यासात नजरेने केलेला अंदाज मापाच्या ड्रेपपेक्षा, म्हणजे रक्त गोळा करणाऱ्या, मापाच्या रेषा असलेल्या प्लास्टिकच्या चादरीपेक्षा, ३३ टक्के कमी निघाला. हा ड्रेप कमरेला बांधायचा, खालचे नरसाळे टेबलाच्या कडेवरून लोंबू द्यायचे. तो बाळ आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यावरच लावायचा. आधी लावला तर पाणी आणि लघवी मिसळून आकडा फुगतो. नरसाळे मुडपले तर रेषा दिसत नाहीत. गॉज आणि कपडे वेगळे तोलून कोरडे वजन वजा करायचे, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. गर्भपिशवीत साचलेल्या गाठी ड्रेपमध्ये येत नाहीत, म्हणून पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का हे पाहणे सुटत नाही. मूत्राशय भरलेले असेल तर पिशवी आकसत नाही. आधी ते रिकामे करावे लागते.

याच ड्रेपच्या आधारे बेळगाव जिल्ह्यात १,६२० बायांवर झालेली मिसोप्रोस्टॉल या गर्भपिशवी आकसवणाऱ्या औषधाची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एएनएमनी (उपकेंद्रातील परिचारिकांनी) ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या तोंडावाटे दिल्या आणि रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. फ्रिज नसलेल्या उपकेंद्रासाठी हा निष्कर्ष मोलाचा होता. ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश तापमान लागते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. वीज गेली की इंजेक्शनची ताकद उतरते आणि रंगावरून ते कळत नाही. २०१८ मध्ये १० देशांतील २९,६४५ बायांवर उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची ऑक्सिटोसिनशी तुलना करणारी चाचणी झाली. ५०० मिलीच्या रेषेवर दोन्ही औषधे सारखी, १४.५ आणि १४.४ टक्के. पण त्या चाचणीत ऑक्सिटोसिन नीट थंड ठेवलेले होते. उन्हाळ्यात तापलेल्या ऑक्सिटोसिनशी तुलना झालीच नाही, आणि खान्देशाला नेमकी तीच हवी होती.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या औषधाच्या २०१७ च्या चाचणीत २०,०६० बाया होत्या. रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ वरून १.५ टक्क्यांवर आले, आणि ३ तासांच्या आत औषध दिले तर १.७ वरून १.२. झोळीतून रस्त्यापर्यंत आणि तिथून १०८ ने तालुक्याला येणाऱ्या बाईचे ते ३ तास वाटेतच संपतात. हेच औषध रक्तक्षय असलेल्या १५,०६८ बायांना रक्तस्राव व्हायच्या आधीच देऊन पाहिले, तेव्हा फायदा दिसला नाही: रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ७.० आणि न घेतलेल्यांत ६.६ टक्के. म्हणून ॲनिमिया आहे एवढ्यावरून सरसकट देण्याला आधार नाही.

नुसत्या मोजणीनेही भागत नाही. युरोपात १३ देशांत मापाच्या पिशव्या दिल्या, तरी गंभीर रक्तस्राव घटला नाही. २०२३ मध्ये आफ्रिकेतील चार देशांतल्या ८० रुग्णालयांत मापासोबत उपचारही एकदमच सुरू केले: गर्भपिशवीचे मालिश, ऑक्सिटोसिन, १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, आणि जखम किंवा वारेचा तुकडा राहिला आहे का याची तपासणी. एकामागून एक वाट पाहत बसायचे नाही, हा त्याचा गाभा. गंभीर परिणाम ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले. ड्रेपवर ५०० सोबत ३०० चीही रेषा होती.

ऑक्टोबर २०२५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने ही दुसरी रेषा उचलली. योनीमार्गे प्रसूतीनंतर ३०० मिली रक्त गेले आणि नाडी १०० च्या वर, वरचा बीपी १०० च्या खाली, खालचा ६० च्या खाली किंवा नाडी भागिले वरचा बीपी १ पेक्षा जास्त, यांपैकी काहीही असेल तर उपचार लगेच सुरू करायचे. ५०० झाले तर नाडी-बीपी कसाही असो. सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रांसाठी ही दुरुस्ती आधीच व्हायला हवी होती. तिचा उपयोग मात्र पहिल्या तासात नाडी-बीपी वारंवार घेतला तरच होतो, आणि रात्रपाळीत बाळ, वार आणि नोंदवही एकाच नर्सच्या हातात असताना सर्वांत आधी तोच राहून जातो.